१८७० च्या मागे कसे जायचे : मालकाच्या इस्टेटीच्या कागदांतून गुलाम पूर्वजांचा माग

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे जावई आफ्रिकन-अमेरिकन, घराणे मूळचे जॉर्जिया राज्यातल्या विल्क्स काउंटीतले. नातवासाठी तुम्ही दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली आहे. तुमच्या बाजूच्या नऊ पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाल्या. जावयांच्या बाजूला १८७० च्या जनगणनेत त्यांचे खापरपणजोबा सापडले, वय वर्षे आठ, सोबत आईवडील आणि तीन भावंडे. त्याआधी सगळे कोरे. जावयांचे जे आडनाव, त्याच आडनावाच्या एका गोऱ्या मळेवाल्या घराण्याचे कागद एका विद्यापीठात जपलेले आहेत. त्यांत काय शोधायचे आणि कसे, हा तुमचा प्रश्न.

नावे मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण जन्माच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, घरातल्या बायबलमधल्या नोंदी अशा नेहमीच्या जागी ती नसतात. कायद्याच्या लेखी ही माणसे मालमत्ता होती, त्यामुळे मालमत्तेचा हक्क जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथेच त्यांची नावे लिहिली गेली. मालक मेला, मालकाच्या मुलीचे लग्न झाले, मालक कर्जात बुडाला, हे ते तीन प्रसंग. मधल्या काळात एखादी बाई तीस वर्षे त्याच मळ्यावर राबली तरी सरकारदरबारी तिचे नाव कुठेच येत नाही. म्हणून तुम्हाला जावयांच्या घराण्याइतकाच, किंबहुना जास्तच, मालकाच्या घराण्याचा अभ्यास करावा लागेल. आणि त्या घराण्यातही पुरुषांपेक्षा बायकांचा. असे का, ते पुढे येईलच.

१८७० ला गाडी का अडते तेही सांगते. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि त्यानंतरची पहिली देशव्यापी जनगणना १८७० ची. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती. त्या जनगणनेत त्यांचे वेगळे तक्ते केले होते. मालकाचे नाव वर, आणि खाली ओळीने फक्त वय, लिंग, वर्ण. नाव लिहायला रकानाच नव्हता. १८५० चे तक्ते तसेच. त्याआधीच्या जनगणनांत तर नुसते आकडे.

आता कामाला कुठून लागायचे? विद्यापीठातल्या त्या कागदांना इतक्यात हात लावू नका. आधी १८६५ ते १८८० हा काळ पिंजून काढा, कारण मालक कोण हे ठरल्याशिवाय मालकाचे कागद वाचणे म्हणजे नुसता वेळ घालवणे. १८७० च्या जनगणनेत घरातली सगळी नावे असली तरी त्यांचे आपसातले नाते लिहिलेले नाही. तो रकाना १८८० मध्ये आला. तेव्हा तुम्ही ज्यांना 'आईवडील' म्हणता आहात ते तसेच आहेत का, हे १८८० च्या नोंदीशी ताडून घ्या. १८८० च्या नोंदीत प्रत्येकाच्या आईचे आणि वडिलांचे जन्मराज्यही असते. तिथे व्हर्जिनिया दिसले तर लगेच टिपून ठेवा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर विल्क्स आणि आसपासच्या भागात व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिनातले गोरे शेतकरी मोठ्या संख्येने येऊन वसले आणि येताना आपले गुलाम घेऊन आले. मालकाच्या घराण्याची वाट तिथूनच आलेली असू शकते.

मग जॉर्जियाच्या १८६७ च्या मतदार शपथवह्या पाहा. एकवीस वर्षांवरच्या काळ्या पुरुषांची नावे सरकारी कागदावर मोठ्या संख्येने पहिल्यांदा आली ती यात. बहुतेकांनी सहीच्या जागी फुली मारलेली असते. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या जॉर्जियाच्या करवह्यांत मुक्त झालेल्या काळ्या पुरुषांच्या नावापुढे ते कोणाकडे कामाला आहेत हेही लिहिलेले सापडते. फ्रीडमेन्स ब्युरो या, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या दफ्तरात १८६५ ते १८६७ चे मजुरीचे करार आहेत. युद्ध संपले तरी जमीन गोऱ्यांकडेच राहिली होती, तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी पहिला करार जुन्या मालकाशी किंवा त्याच्या शेजाऱ्याशी केला. करारात बायकामुलांची नावेही असतात. अशा करारावर एखादे गोरे नाव दिसले की तो पहिला संशयित.

आणखी एक जागा लोक विसरतात. फ्रीडमन्स बँक ही मुक्त झालेल्या गुलामांसाठीची बँक १८६५ मध्ये निघाली आणि १८७४ मध्ये बुडाली, हजारो गरिबांच्या ठेवी घेऊन. पण खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँकेने जे विचारून लिहून ठेवले ते आज सोन्याच्या मोलाचे आहे. आईवडील, भावंडे, नवराबायको, मुले, जन्मठिकाण, आणि सुरुवातीच्या छापील नमुन्यात तर 'पूर्वीचा मालक' असा रकानाच होता. ऑगस्टा शाखेच्या नोंदवह्या टिकल्या आहेत आणि विल्क्सला ती जवळची. तुमचे पूर्वज नसले तरी त्यांचा एखादा भाऊ, मेहुणा, शेजारी असेल. त्याने सांगितलेला मालक तुमचाही मालक निघू शकतो. एकट्या माणसाच्या मागे लागण्यापेक्षा सगळ्या गोतावळ्याचा माग काढणे या कामात नेहमी फळते.

आडनावाबद्दल मात्र सावध राहा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने शेवटच्या मालकाचेच आडनाव लावले असेल असे धरून चालू नका. काहींनी लावले. काहींनी दोन पिढ्यांपूर्वीच्या, व्हर्जिनियातल्या मालकाचे ठेवले, कारण बापाचे तेच होते. काहींची आपसात वापरायची आडनावे आधीपासून होती, मालकाने ती कधी लिहिली नाहीत एवढेच. तेव्हा त्या विद्यापीठातल्या घराण्याचे आडनाव जुळते याला मी एक सूचना म्हणेन, पुरावा म्हणणार नाही. त्याउलट १८७० च्या जनगणनेत तुमच्या कुटुंबाच्या मागेपुढे दहा-पंधरा घरांत जे गोरे जमीनमालक आहेत, ज्यांच्या नावापुढे जमिनीची बरी किंमत लिहिली आहे, त्यांची नावे लिहून काढा. हे मला आडनावापेक्षा जास्त भरवशाचे वाटते.

संशयित तीन-चार झाले की १८६० च्या त्या बिननावी तक्त्याकडे वळा. तुमच्या यादीत १८७० मध्ये आई ३२ वर्षांची, वडील ४०, मुले १४, ११, ८ आणि ३ वर्षांची. म्हणजे १८६० मध्ये २२ वर्षांची बाई, चारेक वर्षांचे एक मूल आणि वर्षाचे एक मूल एकाच मालकाच्या नावाखाली दिसायला हवीत. वडील तिथे दिसलेच पाहिजेत असा हट्ट नको. नवरा एका मळ्यावर आणि बायकोमुले शेजारच्या मळ्यावर, शनिवारी रात्री परवाना घेऊन भेटायला यायचे, अशी लग्ने सर्रास होती. वयेही अंदाजाने लिहिलेली, दोनपाच वर्षे इकडेतिकडे. आणि वर लिहिलेले नाव खऱ्या मालकाचेच असेल असेही नाही. तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांचा कायदेशीर पालक असेल, विश्वस्त असेल, किंवा वर्षभरासाठी गुलाम भाड्याने घेतलेला असेल. हा तक्ता संशयित गाळायला कामाचा आहे. बरेच जण याच्यावरच थांबून वंशवृक्ष भरून टाकतात आणि ती चूक मग दहा ठिकाणी नक्कल होते. तसले आयते वंशवृक्ष मिळाले तर पाहा जरूर, पण खाली कुठला कागद जोडला आहे ते बघितल्याशिवाय उतरवून घेऊ नका.

आता मालकाचे घराणे. संशयित मालकाचे आईवडील, बायको, सासूसासरे, मेहुणे, जावई, मुले, नातवंडे, सगळ्यांची मृत्यूची आणि लग्नाची वर्षे काढा. बायकांवर भर द्या असे वर म्हटले त्याचे कारण सरळ आहे. जमीन शक्यतो मुलांना मिळे, मुलींना बहुधा गुलाम मिळत. लग्नात बापाने मुलीला एक मुलगी 'कामाला' दिली की ती मुलगी जावयाच्या आडनावाखाली गेली. तुमची ३२ वर्षांची बाई १८६० मध्ये ज्या माणसाच्या नावावर आहे, त्याच्याकडे ती त्याच्या सासऱ्याच्या इस्टेटीतून आलेली असण्याची शक्यता नेहमी तपासा. नुसत्या नवऱ्याच्या आडनावावर शोधणाऱ्याला इथे भिंत लागते.

विधवेचा हिस्सा हा त्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा प्रकार. जॉर्ज वॉशिंग्टनचे उदाहरण सगळ्यांना माहीत असलेले म्हणून घेते. त्याची बायको मार्था हिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्याने त्याच्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा मार्थाला मिळाला, पण फक्त हयातीपुरता. तिच्यामागे तो कस्टिसच्या वारसांकडे जायचा. मार्था आपल्या वाट्याचे गुलाम घेऊन वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर आली. १७९९ मध्ये वॉशिंग्टनने मृत्युपत्र करताना सगळ्यांची नावानिशी यादी केली. एकूण ३१७ माणसे, त्यांतली १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची आणि १५३ कस्टिस इस्टेटीची, उरलेली बहुतेक भाड्याची. मृत्युपत्रात तो फक्त आपल्या १२३ जणांना मुक्त करू शकत होता. ती माणसे १ जानेवारी १८०१ ला सुटली. १५३ जण मार्था १८०२ मध्ये गेल्यावर तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. आणि चाळीस वर्षे एकत्र राहिलेल्या या दोन गटांत लग्ने झालेली होती. बाप सुटला आणि आई-मुले वाटणीत गेली, असे किती तरी घरांचे झाले. अशा घरातल्या मुलांचा माग काढायचा तर वॉशिंग्टनच्या कागदांत काही हाती लागत नाही, कस्टिसच्या वारसांकडे जावे लागते. विल्क्समधला एखादा बारा गुलामांचा मालक असला तरी गणित हेच.

आता खरा खजिना, प्रोबेटची फाइल, म्हणजे मेलेल्या मालकाच्या इस्टेटीची कोर्टाने लावलेली व्यवस्था ज्यात आहे ते कागद. जॉर्जियात हे काम काउंटीच्या 'कोर्ट ऑफ ऑर्डिनरी'कडे असे. आज त्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, म्हणजे पुण्यात बसूनही बरेच काम होईल. लोक उत्साहाने आधी मृत्युपत्र उघडतात आणि हिरमुसतात. मृत्युपत्रात दोन-चार नावे असतात, जी मालकाला कुणा एकाला मुद्दाम द्यायची आहेत तेवढीच. बाकीची सगळी माणसे 'उरलेली मालमत्ता' या दोन शब्दांत जातात. मृत्युपत्राने गुलाम मुक्त केल्याचे जॉर्जियात शोधू नका. १८०१ च्या कायद्याने तो अधिकार विधिमंडळाकडे गेला होता. मृत्युपत्रात एक गोष्ट मात्र नीट वाचा. 'अमुक बाई आणि तिला पुढे होणारी संतती' असे शब्द जवळजवळ ठरलेले असतात. आईची जी स्थिती तीच मुलाची, हा नियम व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा करून घातला आणि दक्षिणेत सगळीकडे तोच चालला. त्यामुळे मालकाच्या कागदांत बापाचा उल्लेख बहुधा नसतोच. वंश आईकडूनच चढत जातो.

मृत्युपत्राच्या पुढे येते मालमत्तेची मोजदाद. कोर्ट शेजारपाजारचे काही मळेवाले पंच म्हणून नेमी. ते मळ्यावर येऊन प्रत्येक वस्तूची किंमत लावत. बैल, नांगर, पिंपे, पलंग, घड्याळ, आणि त्याच यादीत माणसे. पहिल्यांदा वाचताना पोटात कालवते. सवय झाली असे मी म्हणणार नाही, पण वाचता मात्र आले पाहिजे, कारण हा कागद बरेच काही बोलतो. समजा अशा ओळी आहेत: 'फिलिस व तान्हे मूल, ८०० डॉलर, मोझेस, ३५०, हॅना, २५०, म्हातारी जूडी, काही नाही.' फिलिसच्या मागोमाग उतरत्या किमतीने मोझेस आणि हॅना आली, तर ती तिची मुले असण्याचा संभव मोठा. लहान मुलांची किंमत वयाबरोबर चढत जाते, म्हणून वय लिहिले नसले तरी क्रम कळतो. धट्ट्याकट्ट्या पुरुषाची किंमत अचानक निम्मी दिसली तर आजार किंवा जखम. इतरांपेक्षा बरीच जास्त दिसली तर तो लोहार, सुतार असणार. जूडीपुढचे शून्य म्हणजे ती थकली आहे, आणि बहुधा इथल्या कुणाची तरी आजी आहे. पण काही पंच आधी सगळे पुरुष, मग सगळ्या बायका, मग पोरे असे लिहीत. त्या यादीत शेजारी नाव आले म्हणून नाते लावू नका. यादीचा क्रम कसला आहे हे आधी ओळखायचे, मग अर्थ लावायचा.

मोजदादीनंतर वाटणी. वारस पाच असतील तर माणसांचे साधारण सारख्या किमतीचे पाच वाटे करत, चिठ्ठ्या टाकत, आणि ज्याच्या वाट्याला जास्त किमतीचे आले त्याने इतरांना रोख फरक द्यायचा. कुटुंबे तुटली ती पुष्कळदा इथे. दूर नेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची बदनामी फार झाली, पण मायलेकरांची ताटातूट करणारे हे सभ्य, कोर्टाच्या शिक्क्याचे वाटप मला त्याहून कमी वाटत नाही. तुमच्यासाठी मात्र वाटणीची यादी फार मोलाची, कारण तिच्यावरून कळते की फिलिस धाकट्या मुलीकडे गेली आणि मोझेस थोरल्या मुलाकडे. पुढचा शोध दोन वेगळ्या फायलींत.

वारस अज्ञान असले तर वाटणी वर्षानुवर्षे लांबे आणि कागद वाढत. जॉर्जियात इस्टेटीच्या कारभाऱ्याला आणि अज्ञानांच्या पालकाला दरवर्षी कोर्टाला हिशेब द्यावा लागे. गुलाम १ जानेवारीपासून नाताळापर्यंत भाड्याने दिले जात, तेव्हा कोण कोणाकडे किती डॉलरला गेला हे त्या हिशेबात नावानिशी असते. बांधीव वहीत नक्कल असते, पण कोर्टाने जपलेले सुटे मूळ कागद मिळाले तर तेही मागवाच, कारण पावत्या त्यांत असतात. बुटांचे पैसे, डॉक्टरची फी, शवपेटीचे लाकूड. सुईणीला अमुक बाईच्या बाळंतपणाचे अमुक तारखेला इतके दिले, ही पावती म्हणजे एका मुलाच्या जन्माची तारीख. दुसरीकडे कुठेच ती लिहिलेली नसते.

या सगळ्यातली माझी आवडती युक्ती अशी. मालक समजा १८३५ मध्ये वारला आणि काही माणसे विधवेला हयातीपुरती मिळाली. ती १८५६ मध्ये वारली की तीच माणसे पुन्हा मोजली जातात, आता वाढलेल्या मुलानातवंडांसह. या दोन याद्या शेजारी ठेवा. पहिल्या यादीतली दहा वर्षांची मुलगी दुसरीत तिशीची बाई झालेली दिसते, पुढे तिची चार मुले. मधल्या वर्षांचे भाड्याचे हिशेब जोडले की एकवीस वर्षांची साखळी तयार होते. त्या साखळीचे शेवटचे टोक १८७० च्या जनगणनेला भिडते का ते पाहायचे.

कर्जाचे कागद वेगळ्या वहीत असतात, काउंटीच्या दस्तनोंदणीत. तिथे खरेदीखते, बक्षीसपत्रे, गहाणखते आणि विश्वस्तपत्रे आहेत. अनुक्रमणिकेत बाजूला फक्त गोऱ्यांची नावे, त्यामुळे मालकाच्या घराण्यातल्या प्रत्येक नावाखालचा दस्त उघडून पाहण्याला पर्याय नाही. गहाणखत हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित दस्त. सावकाराला तारण नेमके कळायला हवे, म्हणून नाव आणि वय नीट लिहिलेले असते. कर्ज फेडले तर माणसे जागेवर राहिली. नाही फेडले तर शेरिफचा लिलाव. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन ४ जुलै १८२६ ला वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होते. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केले, त्यांत जो फॉसेट हा लोहार होता. पण जोची बायको एडिथ आणि मुले त्यात नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला आणि ती त्यात गेली. त्यांचा अकरा वर्षांचा पीटर विकला गेला, पुढे सुटला आणि सिनसिनाटीत बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला. अशा घराचा माग काढणाऱ्याला जेफर्सनचे मृत्युपत्र अर्धीच गोष्ट सांगते. बाकीची अर्धी लिलावात घेणाऱ्यांच्या कागदांत आहे.

आता त्या विद्यापीठातल्या कागदांच्या पेट्या. प्रोबेट सरकारी असते, हे घरगुती. नशीब असेल तर मळ्याची वही मिळते, जन्माच्या याद्या, घोंगड्या आणि बूट वाटल्याच्या याद्या, कापूस वेचल्याचे रोजचे वजन, मुकादमाची पत्रे. घोंगड्यांची यादी बहुधा घराघराने केलेली असते, म्हणून कोण कोणाबरोबर राहत होते हे तीत मोजदादीपेक्षा चांगले कळते. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमजवळच्या स्टॅगव्हिल मळ्याच्या बेनेहन-कॅमेरन घराण्याने १८६० च्या सुमारास नऊशेच्या आसपास माणसे गुलाम ठेवली होती. त्यांचे कागद चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या याद्या त्यांत सलग सापडतात. १८४४ मध्ये पॉल कॅमेरनने शंभराहून अधिक जणांना अलाबामातल्या नव्या मळ्यावर पाठवले. ज्यांचे पूर्वज अलाबामात आहेत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नॉर्थ कॅरोलिनात आहे. साउथ कॅरोलिनातल्या बॉल या मळेवाल्या घराण्याच्या नोंदी तर इतक्या अखंड की १७५६ मध्ये सिएरा लिओनहून आलेल्या जहाजावरून विकत घेतलेल्या दहा वर्षांच्या प्रिसिला नावाच्या मुलीपासून आजच्या वंशजांपर्यंतची रेघ काढता आली. असे फार क्वचित होते. तुमच्या पदरात असेच पडेल या आशेवर बसू नका.

पेट्या मागवण्याआधी विद्यापीठाने केलेली संग्रहाची वर्णनसूची वाचा. जुन्या सूच्यांत गुलामांची नावे नसतात, पण 'हिशेब', 'पावत्या', 'शेतीच्या वह्या' असे लिहिलेले असते. त्याच पेट्या मागवायच्या. पत्रांच्या पेट्या मागे ठेवा, त्यांत वेळ फार जातो. मालकाच्या मुली ज्या घरांत दिल्या त्या घरांचे संग्रह वेगळ्या विद्यापीठांत असतील, तेही पाहा. वारसांत भांडण लागून खटला झाला असेल तर त्यातल्या जबान्या आणि जोडलेल्या याद्या या सगळ्यांपेक्षा वरचढ असतात. घराणे मूळचे व्हर्जिनियाचे निघाले तर व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात चॅन्सरी कोर्टाच्या, म्हणजे वारसा-वाटणीसारखे दावे चालणाऱ्या कोर्टाच्या, खटल्यांची सूची आणि पुष्कळ खटल्यांचे फोटो ऑनलाइन आहेत. भाऊबंदकीचा असा फायदा दुसऱ्या कुणाला क्वचितच झाला असेल.

इतके कागद जमले तरी 'हीच ती' असे कधी म्हणायचे? एका नावावरून कधीच नाही. मेरी, हॅना, जॉन ही नावे प्रत्येक मळ्यावर सापडतात. पण १८५६ च्या यादीत आई आणि तिच्या तीन मुलांची नावे त्याच क्रमाने, वये जुळत आणि १८७० मध्ये तीच चौघे त्याच भागात, तर तो संच योगायोगाने जमणे अवघड. नावांचा संच हा खरा पुरावा. आजीचे नाव नातीला, मामाचे भाच्याला ठेवलेले दिसले तर पारडे आणखी जड होते. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ माणसे १,१५,००० डॉलरना लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्यांचे वंशज शोधताना हेच केले गेले. विक्रीच्या करारातली नावे-वये, जहाजावरची यादी आणि लुइझियानातल्या पुढच्या नोंदी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. १८०८ नंतर किनाऱ्याने एका राज्यातून दुसऱ्यात गुलाम नेताना जहाजाच्या कप्तानाला नाव, वय, उंची, वर्ण अशी यादी द्यावी लागे, म्हणून तो कागद उरला.

तुमच्या यादीतली एखादी व्यक्ती मधेच नाहीशी झाली तर 'हरवलेले मित्र' नावाचे सदर पाहा. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' या पत्रात १८७९ पासून ते येत असे. वीस-तीस वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा पत्ता विचारणाऱ्या जाहिराती, आणि त्यांत मालकांची नावे ओळीने दिलेली. त्या आता ऑनलाइन शोधता येतात.

डीएनए चाचणी करावी का, असेही तुम्ही विचारले आहे. करा, जावयांच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची आधी करा. पण एक तयारी ठेवून. जनगणनेत एखाद्याचा वर्ण 'मिश्र' लिहिलेला असेल आणि मालकाच्या घराण्यातल्या गोऱ्या वंशजांशी जनुके जुळली, तर त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळते, आणि त्या बाईच्या संमतीचा प्रश्नच तिथे नव्हता. हे घरात कोणी कोणाला कसे सांगायचे ते जावयांनी आणि त्यांच्या आईने ठरवावे. तुम्ही सासूबाई आहात, शोधात मदत करा, पण या बातमीवर पहिला हक्क त्यांचा. मालकाच्या घराण्याच्या वंशजांना लिहायचे असेल तेव्हाही पत्र जावयांच्या नावाने जाऊ द्या. पत्रात आरोप नको आणि आभाराचे गोडवेही नकोत. 'तुमच्या घरात अमुक सालची वही किंवा बायबल आहे का, त्यातल्या या पानांचे फोटो मिळतील का' एवढे नेमके विचारले की लोक बऱ्याचदा देतात.

आपल्याकडे असे काही सापडेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सापडेल. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, व्यभिचाराच्या आरोपावरून बायकांना कुणबीण केले जाई, आणि त्याचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर बाजू काढून घेतली. पण तिथे १८७० च्या जनगणनेसारखे, त्याच बायकांना नावाने पुढे जोडणारे टोक मिळत नाही, त्यामुळे आजपासून मागे जाण्याची ही पद्धत तशीच्या तशी लागू पडत नाही. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

तूर्त तुम्ही चार गोष्टी करा. विल्क्सच्या १८६७ च्या शपथवहीत वडिलांचे नाव, ऑगस्टा शाखेच्या खातेदारांत सगळ्या भावंडांची नावे, १८८० च्या जनगणनेतली जन्मराज्ये, आणि १८७० च्या पानावरचे आसपासचे गोरे जमीनमालक. ही यादी तयार झाली की मालकांची नावे मला कळवा. कुणाची प्रोबेट फाइल आधी उघडायची ते त्यावरून सांगते.